पायरीवरचं मोजपात्र

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते. बाहेर भुरभुर चालू होती. धाकटा भाऊ दिनू कसाबसा म्हणाला, "ताई, मामा गेले गं..." आणि माझ्या मनात पहिला विचार आला, मग आज साडेआठला पाणी कोण मोजणार? लाज वाटली. पण मामांना ओळखणाऱ्या कुणाच्याही मनात हेच आलं असतं.

खुलताबादच्या उतारावर त्यांचं घर. अंगणात सिमेंटच्या ओट्यावर पर्जन्यमापक, वर नरसाळं, आत बाटली. नोकरीत पाऊस मोजायचं काम त्यांच्याकडं होतं. नोकरी संपली, सवय संपली नाही. रोज साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, ते दगडी पायरीवर ठेवायचं आणि उकिडवं बसून पाण्याच्या रेषेला डोळा लावायचा. लहानपणी मी पात्र उचलायला गेले की ओरडायचे, "हातात नको धरू! हात आपल्याला पाहिजे तसा वाकतो." माझ्या साखरपुड्यात पाहुणे चहाला बसले असताना हे महाशय छत्री घेऊन पाणी मोजायला घरी पळाले होते. आई अख्खं वर्ष त्यांच्याशी धड बोलली नाही.

शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. त्यामुळे मृगात त्यांच्या फाटकाशी माणसं उभी असायची. "मामा, झाले का शंभर?" "नाय अजून." कितीही गळ घाला, मामा बधायचे नाहीत. मी भूगोलाची शिक्षिका झाले ती त्या पायरीमुळं. हर्सूलच्या शाळेत दरवर्षी मुलांना सांगायचे, आकडा कसा जपायचा ते माझ्या मामांकडून शिका.

तीन वर्षांपूर्वी वडील थकले आणि दिनूनं पहिल्यांदा एकट्यानं शेत हाती घेतलं. मी मामांना फोन केला. "एकशे एक झाले. पेरा बिनघोर." दिनू कचरत होता. "आठ दिस थांबू का, ताई? वारं लई सुटलंय." मीच त्याला झापलं, मामांचा आकडा आहे म्हणून. त्यानं सोयाबीन पेरलं आणि पाऊस जो गेला तो गेलाच. निम्मं उगवलंच नाही, उगवलं ते करपलं. मामा बांधावर आले, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि म्हणाले, "दिनू, बियाणं खोल पडलं रं तुझं." दिनू खाली मान घालून उभा राहिला. दिवाळीनंतर त्यानं रान बटईनं, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला दिलं आणि बिडकीनकडच्या एका कारखान्यात लागला. "आपल्याला नाय जमत शेती," असं तो अजूनही हसत सांगतो. ते हसणं मला बघवत नाही.

तेरावं झाल्यावर मामींनी मोजपात्र आणि पावसाची वही माझ्या हातात ठेवली. घरी येऊन मी दिनूच्या त्या पेरणीच्या दिवसाचं पान काढलं. शाईनं एकशे एक. शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: "खरे ७८. लोक रोज विचारतात. पुढे पडेलच."

आकडा मी माफ केला असता. रोज नाही म्हणून माणूस दमतो, आपल्याही जिवाला पाऊस हवा असतो, आणि तो पडेलच असं वाटतं... पण बांधावरचं ते वाक्य? दोष आभाळावर तरी टाकायचा होता, ते काही बोललं नसतं. तुम्ही तो पहिलीच पेरणी करणाऱ्या पोरावर टाकलात, मामा. त्यानंतर तीन वर्षं आमच्याकडं सणाला जेवलात, दिनूच्या पाठीवर हात ठेवलात, आणि मी विचारण्याआधी निघून गेलात. मला अजून रडू आलेलं नाही. राग मात्र रोज येतो.

मोजपात्र आता माझ्या दारातल्या पायरीवर असतं. साडेआठला मी उकिडवी बसते. कारखान्यातली पाळी सुटली की दिनूचा फोन येतो, "ताई, आज किती?" मी बरोबर आकडा सांगते. परवा तो म्हणाला, "मामांवानी मोजतीस बघ," आणि वहीतला तो खरा आकडा माझ्या तोंडून निघाला नाही. फोन ठेवल्यावर कळलं, गप्प बसायचं मीही मामांकडूनच शिकतेय.

वर्तमानपत्राची ही पुरवणी दिनू कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचतो. म्हणून इथंच लिहिते. दिनू, तुझं बियाणं खोल पडलं नव्हतं.