समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं?

वारज्यात आमचे समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एकात मी आणि आमची ही. दुसरा मुलासाठी घेतला होता, पण मुलगा नऊ वर्षांपूर्वी बेंगळुरूला गेला तो तिकडचाच झाला. दारावर पाटी मात्र अजून त्याचीच आहे. आत गेली चार वर्षं यवतमाळकडचं एक जोडपं भाड्याने राहतं. तो हिंजवडीला आयटीत, ती एका शाळेत शिकवते. तो "करून राहिलो", "येऊन राहिलो" असं बोलायला लागला की मी मनातल्या मनात लाल पेन काढायचो. बाकी माणूस सरळ. इतका सरळ, की मला त्याचाच संशय यायचा.

एका संध्याकाळी तो दार वाजवून आत आला आणि म्हणाला, "काका, मतदार यादीत नाव घालून राहिलो आम्ही दोघं, इथल्या पत्त्यावर. फॉर्मला करारनामा जोडला आहे. तुम्हाला सांगून ठेवतो फक्त."

सांगून ठेवतो म्हणे! मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आता मी कोण, तर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हेडक्लार्क. पस्तीस वर्षं लोकांना "एक कागद कमी आहे" म्हणून परत पाठवलं. नियम माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? पण मतदार यादीचे नियम मी शिकलो ते सकाळच्या बागेतल्या बाकावर. तिथे आम्ही तीन निवृत्त बसतो आणि तिघांपैकी एकानेही निवडणुकीचा फॉर्म कधी वाचलेला नाही. त्यामुळे चर्चा फार ठामपणे होते. एकाचं म्हणणं, मतदार ओळखपत्र खिशात असलं की झालं, यादीत नाव असो नसो. दुसऱ्याचं म्हणणं, यादीत नाव नसेल तर टेबलावर आधार कार्ड आपटायचं आणि 'चॅलेंज व्होट' मागायचं, द्यावंच लागतं त्यांना. हे त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, म्हणजे विषयच संपला. आणि माझं म्हणणं, भाडेकरूचं नाव आपल्या पत्त्यावर यादीत चढलं की फ्लॅट गेलाच समजा. कोथरूडला एकाचा असाच गेला. कोणाचा? एकाचा. त्या एकाला आजवर कोणी पाहिलेलं नाही, पण त्याच्या फ्लॅटसाठी आम्ही जेवढे हळहळलो तेवढे सख्ख्या भावासाठी हळहळलो नसू.

"अहो," आमची ही म्हणाली, "ते इथे राहतात म्हणून पोलिसांकडे माहिती तुम्हीच भरून दिलीत ना? मग यादीला काय झालं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तुला नाही कळायचं." आमच्या घरात हे वाक्य मला काही कळत नसलं की येतं.

पंधरा दिवसांनी बीएलओ बाई आल्या. बीएलओ म्हणजे शाळा सांभाळून यादीचंही काम गळ्यात पडलेल्या एक शिक्षिका. भर उन्हात तीन जिने चढून आल्या, तर समोर कुलूप. ती दोघं कामावर गेलेली. मग त्यांनी माझी बेल वाजवली.

"समोर कोण राहतं?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. "मुलगा."

"आत्ता नाहीत का?"

"बाहेरगावी गेलाय." कधी गेला ते त्यांनी विचारलं नाही, मग मी तरी कशाला सांगू?

"पण इथून दुसऱ्याच दोघांचे फॉर्म आलेत. करारनामा जोडलाय."

"तो संपला हो. पाहुण्यासारखे होते, येऊन जाऊन." नवा करारनामा माझ्याच कपाटात होता, महिन्यापूर्वीच नोंदवलेला.

बाईंनी समोरच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्याचे बूट होते, तिच्या चपला होत्या, आणि कठड्यावर धुतलेलं पायपुसणं वाळत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला, वयोवृद्ध गृहस्थ. त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं आणि कागद पुढे केला. मी हेडक्लार्कच्या ऐटीत सही ठोकली, खाली दोन रेघा ओढून. जो राहत नव्हता त्याला राहता केला, जे राहत होते त्यांना घालवून दिलं, तेही पाच मिनिटांत. कचेरीत एवढं काम मी आठवड्यातही कधी केलं नव्हतं.

महिन्याभराने तो आला, हातात मोबाईल.

"काका, दोघांचेही फॉर्म नामंजूर झाले. पत्त्यावर राहत नाहीत म्हणतात. बीएलओ मॅडम येऊन गेल्या होत्या का?"

"नाही बुवा."

इतक्या सहज निघालं तोंडातून, की मलाच आश्चर्य वाटलं.

"बघा ना, गावाकडचंही नाव गेलं. तिकडे चौकशीला आले तेव्हा भावानं सांगून टाकलं, तो पुण्याला राहतो म्हणून. मी म्हटलं, कशाला सांगितलंस? तर म्हणतो, तू राहतच नाहीस इथं, खोटं कसं सांगू?" आणि तो हसला.

मला काही हसू येईना. मी उगाचच म्हणालो, "मग परत भर की फॉर्म."

"तारीख गेली, काका. या खेपेला नाही होत." त्याने मोबाईल खिशात टाकला. "माझा बाप शाळेत गेला नाही. पण मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सकाळी सातला रांगेत. म्हणायचा, गावच्या विहिरीवर आपल्याला दूर उभं करून वरून पाणी ओतायचे, पण या रांगेत आपल्याला कोणी मागे हो म्हणू शकत नाही. मी अठराचा झाल्यापासून एकही मतदान चुकवलं नाही. दरवेळी गावाला जायचो, रात्रभर बसमध्ये बसून. आता पहिल्यांदाच चुकून राहिलं."

त्यांच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. चार वर्षं मी तो बघत होतो. भिंतीला खिळे किती ठोकले एवढंच मी पाहिलं होतं. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाज वाटली म्हणून खरं बोलावं इतकी काही वाटली नाही. तो गेल्यावर आमची ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मुलाला फोन केला. म्हटलं, तुझं नाव आहे रे यादीत, मी टिकवून ठेवलंय. तो म्हणाला, "बाबा, एका मतासाठी बेंगळुरूहून कोण येतं? आणि खरं म्हणजे माझं नाव तिकडे असायलाच नको." त्यालाही नियम माहीत होता. सगळ्यांना माहीत होता, आमचा बाक सोडून.

सकाळी माझं मतदार ओळखपत्रच सापडेना. अर्धं कपाट मी पलंगावर उपसलं. "गेलं मत!" म्हणून डोकं धरून बसलो. आमची ही सातच्या ठोक्यालाच बहिणीबरोबर जाऊन मत देऊन आली होती. गुडघा धरल्यामुळे मला चालवत नव्हतं, तेव्हा तिनेच समोरच्या दाराची बेल वाजवली. तो लगेच आला.

"काका, कार्ड नसलं तरी चालतं. आधार घ्या, नाहीतर फोटोवाला पेन्शनचा कागद घ्या. यादीत नाव पाहिजे, बस." बोलता बोलता त्याने मोबाईलवर माझा यादीतला क्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहूनसुद्धा दिला. "चला, स्कूटरवर सोडतो. तशी आज सुट्टीच आहे मला."

मतदान केंद्राच्या शाळेअलीकडे पांढऱ्या पट्ट्याशी हवालदाराने स्कूटर अडवली. "मतदान आहे का तुमचं इथे?" त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. "मग इथेच थांबायचं." तो थांबला. काठी त्याच्याच हातात विसरून मी लंगडत आत गेलो.

आत मंडपाखाली टेबलावर यादी उघडून त्याच बीएलओ बाई बसल्या होत्या. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी माझं नाव काढलं आणि बोट खाली सरकवलं.

"हे मुलाचं ना? आलेत का तुमच्याबरोबर?"

"नाही."

"मग एवढ्या गुडघ्याने कोणाबरोबर आलात?"

मी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. तो पट्ट्याच्या पलीकडे, उन्हात, माझी काठी हातात धरून उभा होता. इस्त्रीचा सदरा घातला होता त्याने. स्कूटरवर त्याच्या मागे बसूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो तो," मी म्हणालो. "चार वर्षं राहतो. मुलगा राहत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे आज सांगताय, काका?" एवढंच म्हणाल्या. "आज यादीत काहीच करता येत नाही." आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

मी आत गेलो, बटण दाबलं आणि बाहेर आलो. त्याने पुढे होऊन माझ्या हातात काठी दिली.

"झालं का काका मतदान?"

"माझं झालं," मी म्हणालो.