ओला बीजा

देवाजी आरेवाला कशालाच भीत नाही, असं आलापल्लीच्या जंगलात लोक म्हणायचे. लोकांना काय, जिभेला हाड नसतं. देवाजी वाघाला भ्यायचा, सापाला भ्यायचा, आणि बायकोला तर सगळ्यांत जास्त. पण एकोणीसशे छप्पन-सत्तावन्नच्या त्या हंगामात तो ज्या गोष्टीला भ्याला, तिचं नाव घ्यायचीसुद्धा त्या मुलखात कोणाची छाती होत नसे.

आरेकाम दोघांचं. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक जण ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये माणसाएवढा आरा, म्हणजे दोन मुठींची करवत. वरचा आरा उचलतो आणि कोळशाच्या रेघेवर धरून ठेवतो. खालचा तो ओढतो आणि दिवसभर भुसा खातो. अशी जोडी जमायला वर्षं लागतात. बायको बदलता येते, जोडीदार नाही, असं आरेवाले म्हणत. अर्थात बायका जवळपास नसताना.

देवाजीचा खालचा जोडीदार म्हणजे त्याचा मेहुणा, मुखरू. बायकोचा, गुणाबाईचा, हा धाकटा भाऊ मिसरूड फुटायच्या आधीच बहिणीकडे राहायला आला आणि तिथलाच झाला. धान कापून झालं की सगळे गाव सोडून जंगलात डेरा टाकत, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. बांबूच्या तट्ट्याची एकच खोप. त्यात चूल, आऱ्याच्या कानशी, आणि चार जीव. चौथी सोमारी, देवाजीची लहानगी पोर. ती मामाच्या पोटावर बसून घोडा घोडा खेळायची आणि तिथंच त्याच्या कुशीत झोपून जायची.

त्या हिवाळ्यात मुखरूला खोकला लागला. कोणी कान दिला नाही. भुसा खाणाऱ्यानं खोकू नये तर कोणी खोकावं? गुणाबाईनं अडुळशाचा काढा पाजला, हळद पाजली. थंडी सरली तरी खोकला जाईना. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामानं घोंगडी भिजायची. पण देवाजीला खरं कळलं ते आऱ्याच्या मुठीतून. इतकी वर्षं एकच आरा दोघांनी धरला की खालच्यानं सकाळी पेज पोटभर प्यायली की नाही हेसुद्धा वरच्याच्या हाताला कळतं. खालची ओढ मऊ पडली होती.

"भुसा बाधला तुले," देवाजी म्हणाला. "तू वर ये. मी जातो खाली."

वरची जागा सोडणं म्हणजे मान सोडणं. देवाजीनं ती सोडली आणि त्याबद्दल स्वतःवरच थोडा खूशही झाला.

वर आल्यापासून मुखरूनं एक नवीनच खूळ घेतलं. मुकादमाकडे तो बीजा मागायला लागला. बीजा म्हणजे सागाच्या खालोखाल मोलाचं लाकूड. पण ओला असताना कापला तर सालीखालून रक्तासारखा लाल चीक येतो, धोतर डागाळतं, आऱ्याचे दात चिकटतात. कोणताच आरेवाला तो आपण होऊन घेत नाही. मुखरू तर आधी बीज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आता म्हणायचा, "आमाले बीजाच द्या, मुकादम." मुकादमाला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यानं सगळा बीजा यांच्याच खड्ड्यावर लोटला. खाली देवाजीच्या खांद्यावर, दंडावर लाल थेंब पडत, वर भुसा बसे, आणि सांजेला तो नाल्यावर जाऊन सगळं धुऊन टाके. पोरगं कामाला चिकट झालं, असं त्याला वाटलं.

मग एक दिवस बीजा संपला आणि सागाचा ओंडका आला. वर्षभर उन्हात पडलेला, खडखडीत वाळलेला. दुपारपर्यंत आरा बरा चालला. मग वर खोकल्याची उबळ आली, आरा थांबला, आणि देवाजीच्या मनगटावर एक लाल थेंब पडला.

देवाजी त्या थेंबाकडे पाहत राहिला. सागाला रक्त नसतं.

एका क्षणात त्याला सगळा बीजा आठवला. तो मागून घेतलेला एकेक ओंडका, दंडावरचा एकेक थेंब. त्यातला बीज्याचा कोणता आणि मुखरूचा कोणता? खरं तेच सांगायचं तर पहिली भीती त्याला स्वतःच्या जिवाची वाटली. खाली बसून त्यानं मातीनं मनगट घासलं, कातडी सोलवटेपर्यंत घासलं. मग सोमारी आठवली आणि तो घासायचा थांबला. मुखरू आठवला तो सगळ्यांत शेवटी, आणि याची लाज देवाजीला जन्मभर राहिली.

वर मुखरू दुपट्ट्यानं तोंड पुसत होता. खाली वाकला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता.

"कवापासून?" देवाजीनं विचारलं.

"भाऊजी, बहिनीले नका सांगू. तुमच्या पाया पडतो. मले लच्छूवानी टाकतीन."

लच्छू त्यांच्याच गावचा. त्याला हा रोग झाला तेव्हा गावानं नाल्यापलीकडे त्याला खोप बांधून दिली होती. मडकं दिलं, चटई दिली. पानावर भात ठेवून लांबून काठीनं सरकवायचे. पुढं पुढं तेही कमी झालं. लच्छू मेला हे गावाला कुत्र्यांनी सांगितलं. तेव्हा मुखरू लहान होता, आणि काठीनं भात सरकवणाऱ्या पोरांत तोही होता.

देवाजीनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मुकादम डेऱ्यावरून हाकलेल, गाव खोप बांधेल. नाही सांगितलं तर पोरगा डोळ्यांदेखत झिजेल. इकडे आड, तिकडे विहीर. मध्येच त्यानं एक शहाणपण केलं: "सोमारीचं ताट येगळं ठेव," असं बायकोला सांगितलं. का ते सांगितलं नाही. आपण पोरीला वाचवलं असं त्याला वाटलं. सोमारी वेगळ्या ताटात जेवायची, आणि हात धुऊन मामाच्या कुशीत जाऊन निजायची.

गुणाबाई काही दुधखुळी नव्हती. नाल्यावर दुपट्टा धुताना तिनं डाग पाहिला आणि परत येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"माह्या भावाले काय झालं?"

देवाजीनं मान खाली घालून सांगितलं. तिनं आधी सोमारीला उचलून छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोर रडायला लागली. मग तिनं पोर नवऱ्याच्या हातात दिली, चुलीपुढं बसली आणि भात वेळून टाकला.

"खोप बांधान तं माह्या भावासंग मले बी त्यातच टाका," ती म्हणाली. "पोरीले तुमी पोसा. नाई तं त्याले डाक्टरकडं न्या. तिसरं काई मले सांगू नका."

आलापल्लीच्या बाजारात एक कंपाउंडर बसायचा. देवाजीनं त्याला आडून आडून, दुसऱ्याच कोणाचं म्हणून विचारलं. कंपाउंडरनं आडपडदा ठेवला नाही. पंधरा-वीस दिवसांवर खोकला, संध्याकाळचा ताप, अंग वाळलेलं, त्यात रक्त. मग इथं पुड्या खात बसू नका, जिल्ह्याला, चांद्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं थुंकी तपासतात. आणि उशीर करू नका.

पण मुखरू हलेना. दवाखान्यात गेलो की नाव होईल, नाव झालं की खोप. मग देवाजीनं आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं सोंग केलं. तो स्वतःच खोकायला लागला. सकाळी खोकला, जेवताना खोकला, खड्ड्यात उतरून खोकला.

"मुखरू, मले बी लागलं वाटते रे," तो म्हणाला. "मले लय भेव वाटून राह्यलं. एकटा जात नाई मी. माह्यासोबत चाल."

मुखरू ढसाढसा रडला. आपल्यापायी भाऊजी गेला, असं त्यानं धरलं, आणि निघाला. लाकडाच्या ट्रकवर बसून आष्टीला आले, डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, पुढं मोटारीनं चांदा. वाटेत देवाजी इतका खोकला की घसा खरंच खरवडला, आणि मग मात्र तो मनातून भ्याला. हे सोंग की खरं, त्याचं त्यालाच कळेना.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, तुसडा होता, आणि दमलेला होता. दोघांची थुंकी घेतली. दुसऱ्या दिवशी बोलावलं.

"याला क्षय आहे," तो मुखरूकडे बोट करून म्हणाला. मग देवाजीकडे वळला. "तुला काही नाही. तू कशाला खोकतोस?"

मुखरूनं भाऊजीकडे पाहिलं. देवाजी खिडकीबाहेर पाहू लागला.

डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कोण आहे? देवाजीनं सांगितलं, आणि जरा ऐटीत पुढं म्हणाला, "पोरीचं ताट येगळं केलं आमी."

"आणि झोपते कुठं?"

"मामापाशी."

डॉक्टरनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. हा रोग ताटातून येत नाही, तो म्हणाला. खोकला की हवेतून येतो. बंद खोपीत, रात्र रात्र. पोरीला आणि तिच्या आईला लगेच घेऊन ये.

मुखरूला तिथं ठेवून देवाजी एकटा परतला. ती वाट त्याला सरता सरेना. चांगलं करायला म्हणून मुखरूला वर घेतलं, आणि स्वतः त्याच्या खोकल्याखाली तोंड वर करून उभा राहिला. पोरीला वाचवायला म्हणून ताट बदललं, आणि अंथरूण तेच ठेवलं. आपली अक्कल चुलीत घालायच्या लायकीची आहे, असं तो नदी ओलांडताना डोंगेवाल्याला म्हणाला. डोंगेवाल्याला काही कळलं नाही.

सोमारीच्या छातीचा फोटो काढला. तो येईपर्यंत गुणाबाई व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसली होती आणि पोरीनं साधी शिंक दिली तरी तिचा जीव गोळा होत होता. फोटो साफ निघाला. पण वजन करायला आणत राहा, डॉक्टर म्हणाला, खोकली किंवा वाळली तर थांबू नका. त्यामुळं भीती गेली नाही, नुसती घरी राहायला आली.

मुखरूला सुया आणि गोळ्या, दीड वर्ष. "दोन महिन्यांत बरं वाटेल," डॉक्टरनं बजावलं, "तेव्हाच लोक औषध सोडतात आणि मरतात." खोकताना तोंडावर फडकं, थुंकायला झाकणाचा डबा, त्यातलं जाळून टाकायचं, आणि झोप उघड्या पडवीत. डेरा मोडून ते मुखरूला घेऊन गावी आले, तर गावानं खोप बांधायची गोष्ट काढलीच. गुणाबाई दारात उभी राहिली आणि तिनं जे तोंड सोडलं, त्यानंतर ती गोष्ट कोणी काढली नाही. मात्र त्यांच्या घरचा विस्तवही कोणी नेईना.

डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. मुखरूच्या अंगावर मांस चढलं आणि त्याला शहाणपण सुचलं: आता कायले गोळ्या? त्या दिवसापासून सकाळी तो गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत गुणाबाई समोरून हलत नसे. देवाजीनं या काळात दुसरा जोडीदार घेतला नाही. बैलगाड्या हाकल्या, मोहफुलं वेचली. आरा आढ्याला टांगलेला होता, आणि रोज रात्री देवाजी पडवीतल्या खोकल्याकडे कान लावून पडायचा. खोकला ऐकू आला तरी भीती, नाही आला तरी भीती.

सुया संपल्या, गोळ्या संपल्या, थुंकी साफ आली. धान कापून झाल्यावर दोघं पुन्हा आलापल्लीच्या जंगलात गेले. भुसा खायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून मुखरू वर, देवाजी खाली. सुरुवातीला सागच साग आला. मग एका सकाळी मुकादमानं खड्ड्यावर ओला बीजा लोटला.

मुखरूनं भाऊजीकडे पाहिलं. "नाई म्हनू?"

"चढ."

आरा लागला. साल फाटली, लाल भुसा गळायला लागला. आणि देवाजीच्या मनगटावर, त्याच जागी, एक थेंब पडला. त्यानं आरा थांबवला.

मुखरू ओंडक्यावर पालथा झाला आणि त्यानं खाली डोकावलं. "बीज्याचं हाये, भाऊजी."

"माहीत हाये मले."

"मंग काऊन थांबले?"

देवाजीनं आपला हात वर केला आणि तळवा उघडला. "याच्यावर थुंक."

"भाऊजी..."

"थुंक म्हनतो ना."

मुखरू थुंकला. देवाजीनं तळहात उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. पांढरं होतं. मग त्यानं हात धोतराला पुसला आणि आऱ्याची मूठ धरली.

"उचल आता," तो म्हणाला.