देवाचा हार आणि माझी लाळ

त्या वर्षी माझ्या उशीला कायम आंबूस वास यायचा. अभ्रा रोज धुतला तरी यायचा, कारण लाळ आत कापसापर्यंत मुरलेली असायची. सकाळी उठले की गाल ओला, केस चिकट, गाऊनचा गळा ओलाचिंब. तेवीस वर्षांची बाई मी, आणि तान्ह्या पोरासारखी गळ्यात रुमाल बांधून बसायची. हे लिहितानासुद्धा दातओठ खावेसे वाटतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. माझ्या डोक्यात दोन बायका बोलायच्या. मी पाणी प्यायले तरी त्यावर शेरे मारायच्या. आधीच्या औषधांनी त्या गेल्या नाहीत, माझे हात मात्र थरथरायला लागले. मग नाशिकमधल्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि झोपताना गोळी घ्यायची. दीड-दोन महिन्यांत त्या दोघी गप्प झाल्या. गोळीचे उपकार मी नाकारत नाही. पण तिने सोबत लाळ आणली, दिवसभराची पेंग आणली, पोट गच्च केलं आणि अंग असं सुटलं की एकही ब्लाऊज होईना. लाळेचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही.

"येणारच ती. आवाज हवेत का लाळ हवी?"

असा प्रश्न विचारतात का माणसाला? मी चपापून "लाळ" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आजही आठवलं की वाटतं, त्यांचं ते टेबल तेव्हाच उलटं करायला हवं होतं.

आमचं घर फुलांचं. मखमलाबादच्या बाजूला वडिलांचा मळा; झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. भाऊ पहाटे फुलं बाजारात न्यायचा आणि दुपारी आम्ही बायका ओसरीवर गोणपाट टाकून हार ओवायला बसायचो. आई, वहिनी आणि मी. एका देवळाचा रोजचा हार आमच्याकडे होता. तो ओवायचं काम माझं, नवव्या वर्षापासून माझं. शाळा सुटली, ठरलेलं लग्न मोडलं, पण तो हार सुटला नाही. घरात मला माणूस म्हणून धरून ठेवणारं तेवढं एकच काम उरलं होतं.

एका दुपारी पेंग आली, मान खाली गेली आणि लाळेचा थेंब पांढऱ्या शेवंतीवर पडला. वहिनीने पाहिलं. ती काही वाईट नाही, पण तिच्या तोंडून "अगं बाई!" इतक्या मोठ्याने निघालं की आई वळलीच. तिने माझ्या हातातला अख्खा हार ओढून घेतला आणि उकिरड्यावर टाकला.

"देवाला उष्टं घालती का? ऊठ तिथून."

"आई, औषधाने होतं गं ते."

"कशानं बी होऊ दे. देवाचं काम हाय हे. तू आत जा, भाजी निवड."

मी भाजी निवडली. घरच्यांच्या पोटात गेलेली चालत होती वाटतं माझी लाळ, देवाच्या गळ्यात चालत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी बंद केली. तोंडात टाकायची, पाणी प्यायल्यासारखं करायचं आणि परसात जाऊन थुंकायची. कुणाला विचारणार? दसरा तोंडावर आला होता आणि मला त्या गोणपाटावरची माझी जागा परत हवी होती. काही दिवसांतच उशी कोरडी झाली. आईने अभ्रा हाताने चाचपून पाहिला आणि माझ्यावरून बोटं मोडली. "बरी झाली माझी बाय," म्हणाली आणि मला ओसरीवर बसवलं. उशी कोरडी म्हणजे पोर बरी, असं तिने धरलं. खरं सांगायचं तर मीही तेच धरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ओसरीभर झेंडूचा ढीग पडलेला असताना, डोक्यातल्या त्या दोघी परत आल्या. हारांत विष आहे म्हणाल्या. मी ओवून झालेले सगळे हार तोडले, फुलं पायाखाली तुडवली आणि अडवायला आलेल्या वहिनीच्या हातात सुई खुपसली. भावाने मला धरून रिक्षात घातलं. लोक सोनं वाटत होते तेव्हा मी दवाखान्यात होते.

तिथे सटाण्याकडची एक वयस्क नर्स होती. मी गोळी का सोडली, हे पहिल्यांदा विचारलं ते तिने. आईने नाही, डॉक्टरांनी नाही. मी सांगितलं तेव्हा ती तिच्या अहिराणीत भडकली, पण माझ्यावर नाही; दोष तिने गोळीला दिला.

"तुना काय दोष शे? त्या गोळीनं काम शे ते. डाक्टरले सांगाले लाजू नको."

"सांगितलं होतं."

"मंग परत सांग. जोरमा सांग."

तिने मला उशीवर टॉवेलची घडी घालायला शिकवलं. डोकं जरा उंच ठेवून कुशीवर झोपायचं, दिवसा च्युइंगगम चघळायचं आणि आठवणीने गिळत राहायचं. साध्या गोष्टी होत्या. इतक्या महिन्यांत कुणी सांगितल्या नव्हत्या.

डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले, "मला आवाजही नकोत आणि लाळही नको." त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. गोळीचं प्रमाण थोडं उतरवलं, वेळ बदलली, लाळेसाठी आणखी एक औषध लिहिलं. पाच मिनिटांचं काम! ती पाच मिनिटं आधी मिळाली असती तर वहिनीच्या हातातून रक्त आलं नसतं.

लाळ पूर्ण थांबली नाही, पण दिवसा आटोक्यात आली. घरी आले तरी आई मला हाराला बसू देईना. मी ओसरीच्या कडेला खुर्चीवर, गळ्यात रुमाल बांधून नुसती बघत बसायची. असंच बघताना एक दिवस आईने नवा दोरा घेतला, त्याचं टोक तोंडात घातलं, ओठांत धरून ओलं केलं, पीळ दिला आणि सुईत ओवलं. पाठोपाठ वहिनीने तेच केलं. मीही नवव्या वर्षापासून तेच करत होते. त्याशिवाय दोरा सुईत जातच नाही. आणि त्याच दोऱ्यावर देवाचा हार. आपला तो बाब्या!

"आई, तो दोरा कुणाच्या तोंडातून आला?"

आईचा हात थांबला. "ते येगळं."

"काय वेगळं?"

"आमी काय..." म्हणून ती अडखळली.

"वेड्या नाही. म्हण ना पुढचं."

आईने पदर डोळ्यांना लावला. मला तिची कीव आली नाही. विटाळ लाळेचा नव्हताच, माझा होता, आणि त्यापायी मी गोळी थुंकून टाकली होती.

मी उठले, गोणपाटावर जाऊन बसले, दोऱ्याचं टोक सगळ्यांदेखत तोंडात घातलं, चांगलं ओलं केलं आणि सुईत ओवलं. वहिनीने शेवंतीची पाटी माझ्याकडे सरकवली. तिच्या हातावर माझ्या सुईचा व्रण अजून होता.

हार पुरा झाला तशी आई उठली. त्यावर तिने नेहमीसारखं पाणी शिंपडलं आणि तो टोपलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवाच्या गळ्यात होता. देवाची काही तक्रार आली नाही.