हळदीची माळ

शेजारची काकू मण्यांच्या माळा ओवते. तिच्यासोबत मेहकरला सामान आणायला गेलं की दुकानात गंमत ठरलेलीच. मणी ती आधी तळहातावर चोळते आणि रंग लागला की नाक मुरडते. पक्कड चालवून तिची कुरकुर कानाशी धरून ऐकते. बोलते सगळं दोनदा.

माझ्या हळदीचे दागिने तीच करणार होती. दुकानदारानं चकचकीत रेशमी दोरा काढला आणि मी त्यावर भाळलेच. काकूनं तिथंच त्यात मणी ओवले, गाठ मारली आणि माळ माझ्या गळ्यात घातली.

"चाल, फुगडी खेळू."

"इथंसा? काकू, लोकं पाहून राह्यले!"

"पाहू दे, पाहू दे. हळदीत नाचशीन तवा काय डोये झाकतीन?"

तिनं माझे हात धरले. आम्ही गरगर फिरलो आणि फाटकन दोरा तुटला. मणी टणाटण उडत थेट बाहेरच्या पायरीपर्यंत गेले. गिऱ्हाइकं वाकून वेचू लागली, दुकानदारानं कपाळाला हात लावला. हसून हसून माझं पोट दुखलं.

"दुसरा दोरा काढा भाऊ, दुसरा काढा," काकू धापा टाकत म्हणाली.

मग तिनं मासे धरायच्या तंगुसात माळ ओवली. पुन्हा फुगडी. ही माळ टिकली, तरी काकू थांबेना.

"सोड ना आता! माळ पक्की हाये!"

"माळ हाये वं," ती फिरता फिरताच म्हणाली, "पण तू चालली सासरी, सुलतानपूरले. मंग मी फुगडी कोणासंग खेळू?"

मीच तिचे हात आणखी घट्ट धरले.