पहिल्या सहामाहीची पंडितीण

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. या मुलीचं बिऱ्हाड बाबांच्या थापीमागून फिरायचं. बाबा फरशी बसवायचे, आई त्यांच्या हाताखाली माल कालवायची, आणि जी इमारत बांधली जात असेल तिच्याच वरच्या एखाद्या मजल्यावर तिघांचं घर लागायचं. भिंती असायच्या, दारं नसायची. खिडकीला प्लास्टिक, दाराला जुनी चादर. पुढे ज्या हॉलमध्ये बडी मंडळी सोफा टाकून बसणार, तिथे आपण आधीच लोळून घेतलंय, याचा तिला चांगलाच तोरा होता. पण सुतार दारं घेऊन जिना चढताना दिसला, की आई गुपचूप भांडी बांधायला घ्यायची.

घर हललं की शाळाही हलायची. मागच्या शाळेचा दाखला काही केल्या वेळेवर यायचा नाही. तो येईपर्यंत ती घरीच बसायची, वर्ष संपायचं, आणि नव्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, "असू दे, पाचवीतच बस. पाया पक्का होईल." तिचा पाया इतका पक्का झाला होता, की त्यावर दहा मजले सहज चढले असते. चढत मात्र एकही नव्हता. वर्गात सगळ्यांत उंच तीच. फोटोत मागे उभी केली तर बाईंच्या बरोबरीने दिसायची.

या खेपेच्या शाळेतही नाव घालताना नेहमीचंच झालं. कारकुनाने विचारलं, "पत्ता?"

"नववा मजला," ती म्हणाली.

"अगं, कुठल्या इमारतीचा?"

"अजून तिचं नाव ठेवलं नाहीये."

कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि तिला पाचवीत बसवलं.

गणिताच्या बाई नव्याच लागलेल्या, उत्साहाने उतू जाणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गणित घातलं, "एका टाकीला दोन नळ आहेत..."

"आणि टाकी गळकी आहे," मागून आवाज आला. "सहा तास लागतील, बाई."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. दुसऱ्या दिवशी मजुरांचं गणित, तिसऱ्या दिवशी तोट्यात गेलेल्या, आंबट चेहऱ्याच्या दुकानदाराचं. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, की आपल्या वर्गात हिरा सापडलाय. मुख्याध्यापकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, सासूबाईंना तर दोनदा सांगितलं. आणि शहरातल्या शाळांची गणिताची स्पर्धा लागली, तेव्हा कुणाला न विचारता हिऱ्याचं नाव देऊन टाकलं.

मुलीलाही गंमत वाटत होती. आजवर शाळेत तिला "ए नवी" एवढंच म्हणत. आता मधल्या सुट्टीत पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. बाबांनी तर तिला 'पंडितीण' म्हणायला सुरुवात केली आणि वायरमनपासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्या इमारतीत तिचा डंका पिटला. हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं तर खाली बघू नये. तिने बघितलंच नाही.

स्पर्धेला वर्षभराचा अभ्यास आहे, हे कळलं तेव्हा तिने पहिल्यांदा पुस्तकाचा मागचा अर्धा भाग उघडला. तिथे आकड्यांच्या मधोमध टिंबं होती. पहिलं टिंब तिने नखाने खरवडून पाहिलं, तिला वाटलं माशीची घाण असेल. मग पुढचं पान उलटलं, तर तिथेही टिंबं. तिने पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती चादरीत गुरफटून पडली. "आई, पोट दुखतंय."

"ज्याचं पोट दुखतं तो दुसऱ्यांदा ताट पुढे करत नाही," आई म्हणाली. "ऊठ. आणि काय झालंय ते ज्याला सांगायचं त्याला सांग."

शाळा सुटल्यावर ती बाईंच्या टेबलापाशी घुटमळत राहिली. "बाई, मला स्पर्धेतून काढा."

"वेडी की काय? तुझ्यासारखी हुशार मुलगी..."

"मी हुशार नाहीये, बाई. मी जुनी आहे."

"म्हणजे?"

"हे पुस्तक माझं तिसऱ्यांदा चाललंय. दर वेळी सहामाही झाली की आम्ही निघतो. टाकीचं उत्तर मला पाठ आहे. मागचं अर्धं पुस्तक मी पाहिलंच नव्हतं, कालपर्यंत."

बाईंना आधी हसू फुटलं. मग सासूबाई आठवल्या आणि हसू अर्ध्यावर विरलं. मग त्यांनी समोरच्या उंच पोरीकडे नीट पाहिलं, तेव्हा त्यांना हसावंसंच वाटेना. शेजारची खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "बस इथे. ते दशांशाचं टिंब आहे ना, ते काही चावत नाही."

स्पर्धेला दुसरा मुलगा गेला आणि शाळा पहिल्याच फेरीत बाहेर पडली, ते वेगळं. इकडे रोज शाळा सुटल्यावर टिंबांचा अभ्यास सुरू झाला, आणि बाईंच्या ध्यानात आलं, की हिरा वगैरे काही नाही. चार वेळा समजावलं की पाचव्यांदा कळणारी, चारचौघींसारखी पोर आहे. त्यांना जरा वाईट वाटलं, पण ते त्यांनी मुलीला कळू दिलं नाही.

आणि सुतार आला.

दोन दिवस मुलगी शाळेत दिसली नाही, तशा बाई थेट इमारतीवर गेल्या. लिफ्ट सुरू झालेली नव्हती. नवव्या मजल्यावर पोचेतो त्यांच्या तोंडाला फेस आला. चादरीवर टकटक करता येत नाही, म्हणून त्यांनी तोंडानेच "टक टक" केलं.

बाबा ओशाळून उभे राहिले. "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण काम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. पोट जिकडे नेईल तिकडे जावं लागतं."

"आणखी थोडे महिने राहिली तर पोरगी सहावीत जाईल हो!"

"राहायचं कुठे? इथे आता साहेब लोक येतील."

आई इतका वेळ भांड्यांपाशी बसून होती. ती म्हणाली, "खाली पंपाच्या शेजारी एक खोली आहे. जिने झाडायला, पाणी सोडायला त्यांना बाई हवीये. मी मुकादमाशी बोलून ठेवलंय."

"कधी बोललीस?" बाबा चमकले.

"तुम्ही वायरमनला पंडितिणीच्या गोष्टी सांगत होता ना, तेव्हा."

"आणि मी? दोन दोन बस बदलत जाऊ?"

"जा की. इतकी वर्षं ती तुमच्यामागून फिरली. आता थोडं तुम्ही फिरा."

बाबांनी बाईंकडे मदतीसाठी पाहिलं. बाई खिडकीच्या प्लास्टिकमधून बाहेरचा देखावा न्याहाळू लागल्या. प्लास्टिकमधून काहीही दिसत नव्हतं.

असं ते बिऱ्हाड खाली उतरलं. खोली एवढीशी. पंप सुरू झाला की भांडी थरथरायची आणि बोलणाऱ्याला ओरडावं लागायचं. पण तिला खरंखुरं दार होतं आणि आतून कडी होती. मुलीने पहिला दिवस ती कडी लावण्या-काढण्यातच घालवला, शेवटी आई ओरडली. बाबा रोज बसच्या नावाने बोटं मोडत जायचे आणि दमून यायचे. तरी वाटेत भेटेल त्याला, "पोरगी इथल्याच शाळेत आहे आमची," हे ऐकवल्याशिवाय राहायचे नाहीत.

वार्षिक परीक्षेत मुलगी काठाच्या जरा वर पास झाली. बाईंनी सासूबाईंना ही बातमी एकदाच सांगितली.

सहावीच्या पहिल्या दिवशी नव्या गुरुजींनी फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कुणाला येतं?" मुलीने फळ्याकडे पाहिलं. त्यातलं काहीच तिने आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिने शेजारणीकडे पाहिलं. तिचाही चेहरा कोराच होता. तेव्हा मुलगी पाठ टेकून आरामात बसली, आणि तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.