सुधाकरला सापडलेली फट

सुधाकरला मी फसवलं. दूध संघाच्या चेअरमननं मला फसवलं, हे मी परळीच्या बाजारात इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आलो. त्याआधी मी सुधाकरला फसवलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या बायकोचा, वंदनाताईचा, फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी प्रिंटरच्या भावावरून हुज्जत घालत होतो. "भाऊजी, हे गेले. सकाळी बसल्या जागी..." एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि आधी घासाघीस पुरी केली. हेही लिहून टाकतो. मी कसा माणूस आहे ते वाचणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

तेलगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो डिप्लोमा करून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकला, मी बारावीनंतर रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात करून कॉम्प्युटर विकण्यापर्यंत आलो. दुष्काळाच्या साली आमच्या भागातल्या दूध संघानं जनावरांची छावणी उघडली. मशीनं मी दिली. नोंदीचा प्रोग्राम सुधाकरनं लिहिला आणि तो चालवायला संघानं त्यालाच नोकरीवर ठेवलं. छावणीला दोन फाटकं, प्रत्येक फाटकावर एक कॉम्प्युटर, आणि दोन्हींच्या नोंदी ऑफिसातल्या तिसऱ्या मशीनवर एकाच फायलीत जायच्या. ज्या जनावराची नोंद नाही त्याला दुसऱ्या दिवशी चारा नाही, असा नियम.

पहिल्याच आठवड्यात नोंदी गायब व्हायला लागल्या. कधी एक, कधी दोन, कधी चार-चार दिवस एकही जायची नाही. तलवाड्याच्या समिंद्रामावशी लेकीच्या गावाला जनावरं घेऊन आल्या होत्या, त्यांच्या एकाच बैलाची नोंद तीनदा पुसली गेली. त्या सुधाकरच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "सगळ्यांची नावं हायेत. माज्याच बैलाचं कावून न्हाई? त्यानं तुजं काय खाल्लं रं?" लोक हसले. सुधाकर हसला नाही. त्यानं स्वतःच्या डब्यातली भाकरी त्या बैलापुढे नेऊन धरली, आणि त्या दिवसापासून स्वतःचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासायला बसला.

तीन आठवड्यांनी तो म्हणाला की चूक त्याच्या प्रोग्राममध्ये नाही, त्याच्याही खाली आहे. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सगळं चालतं, तिच्या फायली सांभाळणाऱ्या भागात. मी त्याची टर उडवली. "बे, सगळं जग ते वापरतंय, अन् चूक घावली ती आपल्या छावणीत?"

त्यानं मला पाण्याच्या हौदाकडे नेलं. तिथे बायामाणसांनी आपल्या आपण एक रीत लावली होती. हौदावर जागा मोकळी दिसली म्हणून जनावरं आणायला गेलं, की येईपर्यंत तिथे दुसऱ्याची उभी असत आणि भांडणं होत. म्हणून आधी आपलं दावं हौदाच्या खुंटीला अडकवायचं, मग जनावरं आणायची. दावं दिसलं की दुसरा थांबायचा. "या बायांना जे कळलं ते त्या कोडात न्हाई," सुधाकर म्हणाला. "दोन्ही फाटकं एकदमच बघतात, फाईल कुठवर भरलीय. दोघांनाबी तीच जागा मोकळी दिसते. दोघंबी तिथंच लिहितात. मागून लिहिणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं पुसतं. बघणं आणि लिहिणं, यात फट हाय."

मी मानलं नाही, तेव्हा तो परळीला दुकानात आला. दोन छोटे प्रोग्राम एकाच वेळी एकाच फायलीत ओळी लिहितील अशी चाचणी त्यानं लावली. पहिल्यांदा सगळ्या ओळी बरोबर भरल्या. दुसऱ्यांदाही. मी चहा मागवला आणि त्याला टोमणे मारत बसलो. चौथ्यांदा अकरा ओळी कमी आल्या... त्यानं त्या बोटानं मोजून दाखवल्या. मग हळूच म्हणाला, की ऑफिसातल्या मशीनची डिस्क फार सावकाश आहे, त्यामुळे ही फट जास्त वेळ उघडी राहते. ती डिस्क मी स्वस्तात उचलून बसवली होती. मी मशीनची वायर काढली आणि उन्हानं तापलंय म्हणालो.

त्याच आठवड्यात संघाच्या संचालकांची बैठक झाली. चेअरमननं मला सगळ्यांसमोर विचारलं, दोष मशीनचा की माणसाचा? बारा गावांच्या दूध संकलन केंद्रांना मशीनं द्यायची बोलणी तेव्हा माझ्याशीच चालू होती. मी म्हणालो, "मशीन एकदम ओके हाय, साहेब. बसणाऱ्याचं लक्ष न्हाई." सुधाकर दाराशी उभा होता. बौद्धवस्तीतल्या माणसावर ढकललं तर त्या खोलीत त्याच्या बाजूनं कुणी तोंड उघडणार नाही, हे मला आणि चेअरमनला न बोलताच कळत होतं. निष्काळजीपणानं नोंदी नष्ट केल्याबद्दल त्याला कामावरून काढण्याचा ठराव झाला. बारा गावांचं काम पुढे चेअरमनच्या मेहुण्याला मिळालं. त्याचा राग मी आजवर पोसला, आणि त्या रागाखाली हे बाकीचं झाकून ठेवलं.

सुधाकर तेलगावात शिकवण्या घेऊ लागला आणि उरलेल्या वेळात त्या सिस्टीमचं कोड वाचू लागला. ते कोड सगळ्यांना खुलं असतं. कुणीही दुरुस्ती पाठवावी, जगभरातले जाणकार ती तपासतात. त्याची पहिली दुरुस्ती परत आली. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून त्यानं सगळ्या डिस्कलाच एक कुलूप लावलं होतं, त्यामुळे चूक गेली पण काम रखडायला लागलं. मग त्यानं प्रत्येक फायलीला वेगळं कुलूप दिलं, तर दोन कामं एकमेकांचं कुलूप सुटायची वाट बघत कायमची अडकून बसली. "कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन गाड्या समोरासमोर आल्यागत," असं मला म्हणाला होता. शेवटी कुलपं घेण्याचा क्रम सगळ्यांना एकच ठरवून दिला, तेव्हा सुटलं. दोन वर्षांनी दुरुस्ती स्वीकारली गेली. सोबतच्या टिपेत त्यानं लिहिलं होतं की ही चूक पहिल्यांदा दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीत दिसली.

ती टीप छापून घेऊन तो दुकानात आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यानं एवढंच मागितलं, "संघाच्या सभेत एकदा सांग. तेवढा ठराव मागं घेतील. पोरगी मोठी व्हायलीय, शाळेत कुणीतरी तिला इचारलं, तुजा बाप बैलाचा चारा मारायचा का म्हणून."

मी त्याच्याशीसुद्धा घासाघीस केली. संघाकडे माझं नवीन काम अडकलंय, दिवाळीनंतर बघू, म्हणालो. तो "बरं" म्हणाला. पुढच्या दिवाळीला मी दुसरं कारण दिलं. तिसऱ्या वर्षी त्यानं विचारलंच नाही... भेटला की मुलाबाळांची चौकशी करायचा. लई भला माणूस होता तो, आणि मला त्याचा चांगुलपणा सोयीचा पडला.

ज्या सिस्टीममध्ये त्यानं फट बुजवली, ती आज कुठे कुठे चालते मला ठाऊक नाही. संघाच्या इतिवृत्तात मात्र तो अजून निष्काळजी आहे. चेअरमनसाहेब, येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मोठ्यानं वाचा. ज्याला काढलं त्याला त्या बैठकीत एक शब्द बोलू का दिला नाही, याचं उत्तर वंदनाताई आणि तिच्या लेकीसमोर द्या. मीही तिथे असेन. सभासदांनो, मला उभं करा आणि विचारा: चौथ्यांदा ओळी कमी आल्या, त्या तू डोळ्यांनी पाहिल्या होत्यास की नाही? उत्तर दिल्याशिवाय मला खाली बसू देऊ नका.