निंबाच्या फांदीवरची सुमी

"ठोकून पाह्यलं का?" हे माझा कामावरचा जोडीदार दिवसातून किती वेळा म्हणायचा, देव जाणे. आणि हे 'देव जाणे'सुद्धा त्याला खपलं नसतं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. लोखंडी तुळया जोडणारे रिवेट तपासणं हे त्याचं काम. रिवेटच्या डोक्याला एका बाजूने बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूने लहान हातोडीचा टोला द्यायचा. बोटाला थरथर लागली की रिवेट सैल. तो नुसती मान हलवायचा आणि मी खडूने फुली मारायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कामाची हत्यारं घरी आल्यावरही खाली न ठेवणारी. याची हातोडी पुराणांवरही चालायची. विश्वकर्मा पूजेला महाराज सांगू लागले की द्वारका एका रात्रीत उभी राहिली. हा प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मागून म्हणाला, "एका रातीत? मंग रिवेट कोनं तपासले?" साहेब लोकही हसले. प्रसाद मात्र त्याने दोनदा घेतला.

आम्ही दोघंही वर्ध्याकडचे, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. ज्या देवांच्या नावाने आमच्या बापांना पायरीखाली उभं केलं, त्यांच्या कथांवर त्याने टोला घातला की मला बरंच वाटायचं. कॅम्पात देवीच्या रोगाची साथ आली. लस टोचणारे यायच्या आधीच त्याची सुमी गेली. पाटी-पेन्सिलीला नुकती लागलेली पोर. पुढे "माता आली, सुई नको" म्हणणाऱ्या एकेकाला यानेच दंड धरून टोचायला नेलं. त्यात किती लेकरं वाचली असतील.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खूप दिवस गप्प होत्या. मग एका संध्याकाळी मी आणि तो त्यांच्या दारात बसलो असताना समोरच्या कडुनिंबाची फांदी हलली आणि वहिनी चक्क हसल्या. "सुमी झुलून राहिली, पाहा. मातेनं झुला बांधून देल्ला तिले."

"ठोकून पाह्यलं का?" तो म्हणाला. "हवा हाय ते."

त्यात राग नव्हता, सवय होती. वहिनी आत गेल्या. त्यानंतर त्यांनी सुमीचं नाव घेतलं नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, पण त्या घरातून पोरगी दुसऱ्यांदा गेली.

हे त्याच्या ध्यानात यायला फार उशीर लागला. एक दिवस काम करता करता त्याने हातोडी खाली ठेवली.

"भाऊ, माहं चुकलं गा. तुही वहिनी मले काई खबर देऊन नोती राहिली. ते पोरीले धरून होती. म्या हात सोडवला तिचा."

मी म्हटलं, "पण खोटं ते खोटंच ना?"

"खरं-खोटं रिवेटचं, भाऊ. आईनं पोरीले हाक मारली, त्याले काय ठोकतं?"

त्याने हातोडी पुन्हा उचलली.

पुढच्या रविवारी त्याने मला मुद्दाम चहाला बोलावलं. एकट्याला धीर होत नसावा. वारा सुटला. तो उठून निंबापाशी गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "अवो, पाह्य ना... सुमी झुलून राहिली."

वहिनींनी फांदीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आता त्या रडतील आणि सगळं मोकळं होईल, असं मला वाटलं. त्यांनी कपबश्या उचलल्या.

"ठोकून पाह्यलं का तुमी?" त्यांनी विचारलं आणि त्या आत गेल्या.

त्यांच्याही बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अजून सोसत नाही.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या डोळ्यांसमोर तो त्याच रविवारचा येतो. निंबाच्या खोडाला बोट टेकवून उभा, दुसऱ्या बाजूने कुणी टोला देईल म्हणून थांबलेला.